‘द लास्ट एम्परर’ घरी बघायचा तर नेमकी कुठली डिस्क? रेशो, लांबी, रीजन, आवाज

खटपट्या

या सिनेमाबद्दल कुणी विचारलं की ठरलेली तीन उत्तरं येतात: "क्रायटेरिअनची घ्या", "लांबवाली घ्या", "४के घ्या, विषय संपला". (क्रायटेरिअन ही निवडक सिनेमांच्या डिस्क काढणारी अमेरिकी कंपनी; ४के म्हणजे ब्लू-रेच्या चौपट बारकाव्याची डिस्क.) तिन्ही अर्धवट आहेत, म्हणून वेगळा धागा.

ओळखीपुरतं: बेर्नार्दो बेर्तोलुच्ची, १९८७. चीनचा शेवटचा सम्राट पू यी. छायालेखन वित्तोरिओ स्टोरारो, निर्माता जेरेमी थॉमस. ९ नामांकनं, ९ ऑस्कर. निषिद्ध नगरीच्या, म्हणजे पेकिंगमधल्या सम्राटाच्या राजवाड्याच्या, आत चित्रीकरणाची परवानगी मिळालेला हा पहिला पाश्चात्त्य कथापट. १९ हजार एक्स्ट्रा वापरल्याचं सांगतात आणि अंगणातला तो प्रसंग बघताना आकडा फुगवलेला वाटत नाही.

घोळ दोन ठिकाणी आहे.

एक, लांबी. चित्रपटगृहातली आवृत्ती १६३ मिनिटांची, टीव्हीसाठीची २१८ मिनिटांची. म्हणजे ५५ मिनिटांचा फरक. लांब आवृत्ती पुढे ‘डायरेक्टर्स कट’ म्हणून विकली गेली, पण ते लेबल फसवं आहे. टीव्हीवाल्यांशी झालेल्या करारापोटी ती भागांमध्ये दाखवण्यासाठी बनली होती. बेर्तोलुच्चींच्या लेखी त्यांचा खरा सिनेमा छोटाच.

दोन, रेशो, म्हणजे चित्राच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण. सिनेमा २.३५:१ मध्ये दिसला होता. क्रायटेरिअनची २००८ची चार डिस्कची डीव्हीडी आणि २००९ची ब्लू-रे, दोन्ही २.००:१ मध्ये आहेत. २०२३ची ॲरो या ब्रिटिश कंपनीची ४के परत २.३५ला आली.

माझं मत आधीच सांगतो: २.३५ आणि १६३ मिनिटं. बाकी शौक.

---

शेवटचा_बाक

खटपट्याभाऊ, २.०० मध्ये तर टीव्हीवर चित्र मोठं दिसतं, काळ्या पट्ट्या बारीक होतात. मग वाईट काय त्यात? फुकटात मोठा पडदा!

---

खटपट्या

@शेवटचा_बाक, फुकटात नाही, कडेचा माल देऊन.

५५ इंची टीव्ही धरा. पडदा साधारण १२२ सेंमी रुंद, ६८.५ सेंमी उंच. २.३५ला चित्राची उंची येते ५२ सेंमी, २.००ला ६१ सेंमी. नऊ सेंमी वाढले, दिसायला भारी. पण रुंदी दोन्हीकडे १२२च. मूळ चौकटीची उंची तीच ठेवून तिची रुंदी कापली आणि उरलेलं मोठं करून तुमच्या पडद्याभर लावलं. २.०० भागिले २.३५ म्हणजे ०.८५. शंभरातले पंधरा गेले, साडेसात डावीकडून, साडेसात उजवीकडून, आणि तेही कापणाऱ्याने मधोमध कापलं असेल तर.

वरखाली काही जास्तीचं मिळालं असतं तर सौदा म्हटला असता. तसं नाही. हा सिनेमा ॲनामॉर्फिक लेन्सने चित्रित झालाय. ती लेन्स रुंद दृश्य आडवं दाबून ३५ मिमीच्या चौकटीत बसवते आणि प्रोजेक्टरची लेन्स ते परत उलगडते. या पद्धतीत निगेटिव्हची उंची आधीच पूर्ण वापरलेली असते. वर किंवा खाली लपवून ठेवलेलं काही नसतंच. म्हणून २.०० म्हणजे निव्वळ वजाबाकी.

---

पडद्यामागे

खटपट्या, गणित बरोबर, पण निकाल घाईचा वाटतो. ही कापाकापी डिस्कवाल्या कुणी कारकुनाने केलेली नाही, स्टोरारोंनी स्वतः सांगून करवून घेतली. सिनेमाला आणि टीव्हीला एकच रेशो असावा ही त्यांची १९९८च्या सुमाराची मांडणी, नाव ‘युनिव्हिझियम’. ७० मिमीचा २.२० आणि एचडी टीव्हीचा १.७८, दोघांची सरासरी १.९९, म्हणजे २.००. ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या डीव्हीडीही त्यांनी याच मापात आणल्या होत्या. ज्याने चौकट लावली तोच माणूस म्हणतोय, मला अशी चालेल. मग आपण कोण?

शिवाय ७० मिमीवर फुगवलेल्या प्रती निघाल्या होत्या, त्या २.२०च्या. म्हणजे १९८७-८८ मध्येही सगळ्यांनी अख्खं २.३५ पाहिलं असं नाही.

---

खटपट्या

७० मिमीत सहा टक्के जातात. सहा आणि पंधरा यात फरक आहे.

आणि ‘अपोकॅलिप्स नाऊ’चं उदाहरण तुमच्याविरुद्धच जातं. २०१०च्या ब्लू-रेला तोही २.३५ला परतला.

---

पडद्यामागे

ते मान्य. आणि नव्या सिनेमात २.०० डोक्यात ठेवून चौकट लावणं वेगळं, आधीच लावलेली चौकट कित्येक वर्षांनी छाटणं वेगळं, हेही मान्य. मुद्दा इतकाच की क्रायटेरिअनच्या डिस्कला ‘चुकीची’ म्हणू नका. ‘नंतर बदललेली’ म्हणा.

नेमकं काय जातं ते एका प्रसंगात बघा. राज्यारोहण. पोरगं सिंहासनावर कंटाळतं, उतरून दाराकडे पळतं. दारात पिवळ्या रेशमाचा भलामोठा पडदा वाऱ्याने फुगलेला. पोर त्याला हात लावतं, पडदा उडतो आणि पलीकडे अंगणभर दरबारी, रांगाच रांगा, एकदम दंडवत घालणारे. या चौकटीचा सगळा खेळ रुंदीचा आहे. मधे बोटभर मूल, दोन्ही कडांपर्यंत माणसं, आणि रांगा कडेच्या पुढेही चालूच असणार असं वाटायला लावणारी रचना. २.०० मध्ये माणसं कमी होतात ते एक वेळ चालेल, पण मूल चौकटीच्या मानाने मोठं दिसायला लागतं, आणि तिथे खरं नुकसान आहे. ते पोर जितकं लहान दिसेल तितका प्रसंग चढतो.

उलट तुरुंगातले प्रसंग, दोघं समोरासमोर बसलेले, चौकशी चाललेली, ते २.०० मध्ये फारसे बिघडत नाहीत. काही ठिकाणी घट्ट चौकट बरीच वाटते.

---

झुळूक

दोघांचं ऐकून प्रश्न: हातात डिस्क आली तर रेशो ओळखायचा कसा? विक्रीच्या पानावर बहुतेक वेळा नुसतं ‘वाइडस्क्रीन’ लिहितात.

---

खटपट्या

@झुळूक, डबीच्या मागे खाली बारीक अक्षरांचा तक्ता असतो, त्यात २.३५ किंवा २.०० छापलेलं असतं. विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा, पुढच्याचा उपयोग शून्य.

डबी नसेल तर डिस्क लावून वरची काळी पट्टी मोजा. ५५ इंचीवर सव्वाआठ सेंमीच्या आसपास भरली तर २.३५, पावणेचार-चार भरली तर २.००. आधी टीव्हीचा पिक्चर साइज ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’वर असल्याची खात्री करा. ‘१६:९’वर ठेवला की बरेच टीव्ही चारही कडा थोड्या झूम करून कापतात, मग मोजणीही चुकते आणि २.३५ डिस्क घेतल्याचा अर्धा फायदाही जातो.

---

आडगावकर

लांबीवर एक भर. युरोपातली पाल (तिथली टीव्हीची पद्धत) डीव्हीडी हाती लागली तर मागे १५६ मिनिटं लिहिलेलं दिसेल. लगेच "सात मिनिटं कापली" म्हणून बोंब मारू नका. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पाल २५ने चालवतं. १६३ गुणिले २४ भागिले २५ म्हणजे १५६ आणि वर थोडं. त्याच हिशोबाने २१८ची होते २०९. कापलेलं काही नाही, सगळं चार टक्क्यांनी पळतंय.

तोटा आवाजात कळतो. सूर साधारण पाऊण श्रुतीने, म्हणजे बारा सुरांच्या हिशोबात अर्ध्या सुराहून किंचित जास्त, वर सरकतो. रिउइची साकामोतो, डेव्हिड बर्न आणि त्सोंग सू यांचं संगीत आहे, ऑस्कर मिळालेलं. कान तयार असेल तर पालवर ते खटकतं. ब्लू-रे आणि ४केला हा त्रास नाही, तिथे २४च असतात.

---

दौलताबाद

"पाऊण श्रुती" नको, आडगावकर. बावीस श्रुतींच्या हिशोबात ते सव्वा श्रुतीच्या घरात जाईल. अर्ध्या सुराहून थोडं जास्त एवढंच ठेवा.

---

आडगावकर

बरोबर, श्रुती मागे घेतो. :)

---

शेवटचा_बाक

रीजनचं काय? अमेरिकेतून येणारा कुणी डिस्क घेऊन आला तर इथे चालेल का?

---

खटपट्या

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून नीट लिहितो. रीजन म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप.

डीव्हीडी: भारत रीजन ५, अमेरिका १, ब्रिटन २. घरचा साधा डीव्हीडी प्लेअर बऱ्याचदा रिमोटवरच्या कोडने सर्व-रीजन होतो. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर कायमचा तोच. गंमत म्हणून बदलत बसू नका.

ब्लू-रे: अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. भारतात विकत घेतलेला प्लेअर सी, म्हणजे न्यू जर्सीहून आलेलीही चालणार नाही आणि लंडनहून आलेलीही. क्रायटेरिअनच्या अमेरिकी ब्लू-रे ए-ला बांधलेल्या असतात. ब्लू-रेचं कुलूप डीव्हीडीसारखं कोडने सहसा उघडत नाही, मल्टी-रीजन प्लेअर लागतो.

४के अल्ट्रा एचडी: रीजनच नाही. कुठलीही कुठेही चालते. पण ४केच्या संचात सोबत साधी ब्लू-रेही असते, ज्यावर अतिरिक्त सामग्री किंवा लांब आवृत्ती भरतात, आणि तिला रीजन असू शकतो. मग होतं असं की पहिली डिस्क झकास चालते, दुसरी घातली की रीजनची पाटी. डिस्क खराब नाही, परत पाठवू नका, कुलूप आहे. २१८ मिनिटांसाठीच संच घेत असाल तर ती कुठल्या डिस्कवर आहे ते आधी बघा. २००९च्या क्रायटेरिअन ब्लू-रेवर तर ती आवृत्ती नाहीच, फक्त २००८च्या डीव्हीडी संचात होती. नाव एक, प्रकाशक एक, माल वेगळा.

---

झुळूक

पीएस५ या गेम कन्सोलवर ४के डिस्क चालेल ना? आणि लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह जोडून?

---

खटपट्या

पीएस५ डिस्क ड्राइव्हवाला असेल तर चालेल, पण डॉल्बी व्हिजन नाही, एचडीआर१० मिळेल (दोन्ही एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राचे, प्रकार). एक्सबॉक्स सिरीज एक्सलाही डिस्कवरून डॉल्बी व्हिजन नाही, फक्त स्ट्रीमिंग आणि गेमला. पीएस४ प्रो नावाला ४के, त्याचा ड्राइव्ह या डिस्क वाचतच नाही. एचडीआर१० म्हणजे वाईट असं काही नाही. टीव्ही बरा असेल तर फरक तुलना करायला बसल्यावर कळतो.

लॅपटॉपचा नाद सोडा. अधिकृत सॉफ्टवेअरला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागते, ती नव्या पिढ्यांच्या घरगुती प्रोसेसरमधून इंटेलने काढून टाकली. नवा महागडा लॅपटॉप हरतो आणि जुना चालतो असा उलटा प्रकार आहे.

टीव्हीला एचडीआरच नसेल तर ४के डिस्कच्या मागे लागू नका. प्लेअर एचडीआरचं साध्या चित्रात रूपांतर करतो आणि बरेच प्लेअर ते मळकट करतात. त्यापेक्षा साधी ब्लू-रे सरस दिसेल.

---

पडद्यामागे

मळकट झालं की या सिनेमाचा प्राण जातो, म्हणून रंगांवर थोडं. स्टोरारोंनी पू यीच्या आयुष्याच्या टप्प्यांना वर्णपटातले रंग वाटून दिलेत. सुरुवातीला मनगट कापतो तेव्हा लाल. पिवळा राजेपणाचा. भावाच्या अंगावर पिवळं दिसलं म्हणून पोरांत भांडण होतं, तो प्रसंग आठवा. जॉन्स्टन हा ब्रिटिश शिक्षक शिकवायला येतो तिथून हिरव्याचा शिरकाव, ज्ञानाचा रंग. आणि या सगळ्याला छेद देणारा तुरुंगाचा राखाडी-निळा वर्तमान. १९५०चा तुरुंग बेरंग दिसला तरच १९०८चं लाल-पिवळं पेटतं.

टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असेल तर तुरुंगसुद्धा रंगीत होतो आणि सगळा बेतच कोसळतो.

तपासायला तोच पिवळा पडदा घ्या. चित्र थांबवा. रेशमाच्या चुण्या मोजता आल्या पाहिजेत, उजेड आणि सावलीची वळी दिसली पाहिजेत. सपाट पिवळा डाग दिसत असेल तर कलर किंवा कॉन्ट्रास्ट चढलाय. पिवळ्यात हिरवट झाक असेल तर रंगतापमान ‘कूल’वर आहे, ‘वॉर्म २’ करा. पहिली दहा मिनिटं पिवळसर, आजारी वाटेल. तेवढी सोसा, डोळा बसतो.

---

आडगावकर

त्याला जोडून सेटिंगची यादी, टीव्हीप्रमाणे नावं बदलतील:

‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो, नसेल तर ‘सिनेमा’. मोशन स्मूदिंग (टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतो ती सोय) पूर्ण बंद, नाहीतर दरबाराची मिरवणूक संध्याकाळच्या मालिकेसारखी दिसते. नॉइज रिडक्शन बंद, कारण ३५ मिमीचा दाणा हा चित्राचा भाग आहे. तो पुसला की चेहरे मेणाचे होतात. शार्पनेस शून्याजवळ. प्लेअरमध्ये २४पी, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींचं, आउटपुट चालू.

ज्या एचडीएमआय पोर्टला प्लेअर जोडलाय त्याचा ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ पर्याय टीव्हीत वेगळा चालू करावा लागतो. अनेक टीव्हींत तो बंद असतो, आणि मग ४के दिसतं पण एचडीआर येत नाही. केबल १८ गिगाबिटची. एक-दोन सेकंद पडदा काळा होऊन परत येत असेल किंवा पांढरे ठिपके चमकत असतील तर डिस्कला शिव्या देण्याआधी केबल बदला, विशेषतः पाच मीटरहून लांब असेल तर.

तुरुंगातल्या अंधाऱ्या भागात कपड्यांचे तपशील काळ्यात बुडत असतील तर प्लेअर आणि टीव्हीची ब्लॅक लेव्हल जुळत नाहीये. दोन्हीकडे ‘लिमिटेड’ ठेवा.

---

शेवटचा_बाक

आणि बसायचं कुठे हेही सांगून टाका. :)

---

आडगावकर

५५ इंचीला १.७ मीटर. तिथे पडदा नजरेत ४० अंश भरतो. दिवाणखान्यात सोफा तीन मीटरवर असतो आणि मग २.३५ "बारीक" वाटतो. रेशोबद्दलच्या निम्म्या तक्रारी सोफ्याच्या आहेत. खुर्ची पुढे ओढा.

---

दौलताबाद

लांब आवृत्ती "जास्त इतिहास" म्हणून घेणाऱ्यांसाठी. मिनिटं वाढली म्हणून इतिहास वाढत नाही. दोन्ही आवृत्त्यांचा कणा पू यीचं आत्मचरित्र आणि जॉन्स्टनचं १९३४चं पुस्तक. सोबत या तारखा ठेवल्या तर मागेपुढे उड्या मारणारं कथानक सुटं होतं:

जन्म फेब्रुवारी १९०६. नोव्हेंबर १९०८ मध्ये आधी सम्राट गुआंग्शू, दुसऱ्या दिवशी राजमाता त्सिशी गेली. २ डिसेंबरला राज्यारोहण, पोराचं वय तीनला दोन महिने कमी. फेब्रुवारी १९१२ मध्ये पदत्याग, तरी राहणं राजवाड्यातच. जुलै १९१७ मध्ये बारा दिवसांची पुनर्स्थापना, ती सिनेमात नाही. १९१९ला जॉन्स्टन. १९२३ला आग आणि खोजांची, म्हणजे राजवाड्यातल्या नपुंसक सेवकांची, हकालपट्टी. नोव्हेंबर १९२४ला राजवाड्याबाहेर, मग त्यांजिन शहर. १९३२ला मांचुकुओचा, म्हणजे जपानने ईशान्य चीनमध्ये उभ्या केलेल्या राज्याचा, प्रमुख, १९३४ला जपान्यांच्या हातचा सम्राट. १९४५ला रशियनांच्या ताब्यात. १९५०ला चीनकडे सोपवला, तिथे सिनेमा सुरू होतो. फुशुनचा तुरुंग, डिसेंबर १९५९ला माफी, पेकिंगच्या वनस्पती उद्यानात काम. मृत्यू ऑक्टोबर १९६७.

सिनेमा पू यीशी सौम्य वागतो. खोजांना फटके देण्याची त्याची सवय त्याने स्वतः लिहून ठेवलीय, पडद्यावर ती फार हलकी होऊन येते. राज्यारोहणाचं त्याचं वर्णनही वेगळं आहे: पोर थंडीत रडत होतं, घरी जायचं म्हणत होतं, आणि बाप समजूत काढत होता की रडू नको, आता लवकरच संपेल. दरबाऱ्यांनी तो अपशकुन धरला. पडदा आणि नाकतोडा सिनेमाने दिला, हे वाक्य इतिहासाने. मला दुसरं जास्त भारी वाटतं.

जपानमधल्या प्रदर्शनाचीही एक नोंद. तिथल्या वितरकाने नानजिंगच्या हत्याकांडाची दृश्यं परस्पर काढली होती. बेर्तोलुच्चींनी आवाज उठवल्यावर परत घातली.

---

झुळूक

दौलताबाद, नाकतोडा नाही हो, रातकिडा. झुरळासारखा दिसतो पण गातो तो.

---

दौलताबाद

रातकिडाच. पोराला डबीसकट मिळतो, आणि शेवटी म्हातारा पू यी सिंहासनाच्या मागून तीच डबी काढून पहारेकऱ्याच्या मुलाला देतो.

---

आडगावकर

तो आवाज निघालाच आहे तर ध्वनीचं सांगतो. रातकिडा घरच्या यंत्रणेत हरवत असेल तर याचं कारण बहुधा चुकीचा मोड. ३५ मिमीच्या प्रतींवर डॉल्बी स्टिरिओ होतं: चार वाहिन्या, दोन ट्रॅकमध्ये गुंफलेल्या. डिस्कवर २.० ट्रॅक असेल तर तो रिसीव्हरला ‘स्टिरिओ’ म्हणून वाजवायला देऊ नका. ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ लावा, म्हणजे संवाद मधल्या स्पीकरला आणि वातावरण मागे जातं. ५.१ ट्रॅक असेल तर मात्र जसाच्या तसा, वरून काही नको. रात्री आवाज दाबणारा ‘नाइट मोड’ही बंद, नाहीतर अंगणातला हजारोंचा घोष आणि रातकिडा एकाच पातळीवर येतात.

---

शेवटचा_बाक

शेवटची शंका. प्रोजेक्टर आणि २.३५चा रुंद पडदा आहे. सबटायटल खाली पट्टीत जाऊन अर्धी गायब होतात.

---

खटपट्या

प्लेअरमध्ये ‘सबटायटल शिफ्ट’ शोधा, चार-पाच पायऱ्या वर घ्या. सगळ्या प्लेअरमध्ये नसतं, घेण्याआधी बघा. आणि तुमच्या पडद्यावर २.००ची डिस्क लावलीत तर काळ्या पट्ट्या वरखाली नाही, डावी-उजवीकडे येतील, चित्र उंचीला तेवढंच आणि रुंदीला पंधरा टक्के बारीक. तुमचा ‘फुकटातला मोठा पडदा’ तिथे उलटा फिरतो.

डिस्क मधेच अडकली तर: तीन थरांची १०० जीबीची डिस्क बोटाच्या ठशालाही नाटकं करते. मऊ मायक्रोफायबर, किंचित ओलं, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. प्लेअरचं फर्मवेअर अद्ययावत करा, वीज काढून पाच मिनिटांनी लावा. तरी त्याच मिनिटाला अडकली तर डिस्क बदलून घ्या. वेगवेगळ्या जागी अडकत असेल तर संशय प्लेअरवर.